झिजलेल्या पोलादाचा हिशोब

जुनी गाडी घेताना माणूस बॉनेट उघडतो, चाकाशेजारी उकिडवा बसून खाली डोकावतो, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. जुनी लष्करी रायफल घेताना मात्र तोच माणूस लाकडाच्या रंगावर भाळतो. अक्रोडाचा दस्ता, त्याला कुणा अनोळखी सैनिकाच्या तळहातांनी आलेली तकाकी, कडेला तपासनिसाचा पुसट शिक्का. गोळी लाकडातून सुटत नाही, हे पैसे मोजून झाल्यावर आठवतं.

इथे बोलायचं आहे ते एकाच रायफलीबद्दल, एम-वन गॅरंडबद्दल. अमेरिकेत जुन्या लष्करी सेमी-ऑटोमॅटिक रायफली अनेक मिळतात, पण हिच्याइतकी माहिती, सुटे भाग आणि मोजमापाची साधनं दुसऱ्या कुठल्याच रायफलीसाठी इतक्या सहज हाताशी येत नाहीत. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. काडतुसाची रिकामी केस (पितळी कवच) बाहेर फेकून पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, बसवण्याचं काम रायफल स्वतः करते. जॉन गॅरंड हा क्वेबेकमध्ये १८८८ साली जन्मलेला माणूस. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत त्याने ही रायफल घडवली आणि १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने ती स्वीकारली. इटलीच्या आघाडीवर १९४४ मध्ये आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांकडे दर गोळीमागे हाताने बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा पोलादी तुकडा) ओढायची रायफल होती, आणि त्याच देशात लढणाऱ्या अमेरिकी शिपायाकडे ही. १९५७ मध्ये तिची जागा घेणारी एम-१४ रायफल आली तोवर साधारण ५४ लाख गॅरंड बनल्या होत्या. युद्धकाळात त्या स्प्रिंगफील्ड आणि विंचेस्टरने बनवल्या. १९५० च्या दशकात हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आणि चक्क ट्रॅक्टर बनवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनीही त्यात आली. (जाता जाता: घरची मंडळी म्हणे आडनाव ‘गॅरंड’ असं उच्चारत, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. रेंजवर निम्मे लोक ‘गरँड’ म्हणतात आणि कुणी कुणाला दुरुस्त करत नाही.)

या रायफली कारखान्यातून निघाल्या तशा राहिल्या नाहीत, हे आधी डोक्यात बसवावं लागतं. सैन्याच्या डेपोत त्या पुन्हा पुन्हा उघडल्या गेल्या. एकीचा बोल्ट दुसरीत गेला, तिसरीची नळी चौथीला बसली. काही डेन्मार्कला आणि ग्रीसला मदत म्हणून गेल्या आणि कित्येक दशकांनी परत आल्या. त्यामुळे ‘सगळे भाग मूळचेच’ असं सांगून कुणी विकत असेल, तर ते भाग बहुधा एखाद्या संग्राहकाने हौसेने शोधून जुळवलेले असतात. त्यात चूक काही नाही. पण ज्याला रायफल भिंतीवर टांगायची नसून चालवायची आहे, त्याने त्या जुळणीचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. जुनी रायफल घेणं म्हणजे दुसऱ्यांनी केलेली झीज विकत घेणं. ती झीज कुठे आहे, किती आहे आणि तिची किंमत काय, एवढंच बघायचं असतं.

कायद्याचं आधीच उरकून घेऊ. भारतात सामान्य नागरिकाला अशा रायफलीचा परवाना मिळत नाही, तेव्हा हे सगळं अमेरिकेतलं. तिथे सर्वात भरवशाची जागा म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, बोलीभाषेत सीएमपी. नागरिकांना नेमबाजी शिकवण्याचा हा सरकारी उपक्रम १९०३ पासूनचा; १९९६ पासून तो बिगर-नफा संस्था म्हणून चालतो. अलाबामातल्या ॲनिस्टनला आणि ओहायोतल्या कॅम्प पेरीला त्यांची दुकानं आहेत. त्यांच्याकडून घेताना संलग्न नेमबाजी क्लबचं सदस्यत्व लागतं, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि अमेरिकी नागरिकत्वाचा पुरावा मागतात. म्हणजे ग्रीन कार्ड असलेल्या आपल्या मंडळींना इथे दार बंद. परवानाधारक दुकानातून मात्र ते संघीय कायद्याप्रमाणे घेऊ शकतात. एच-वन-बी वर असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं: नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणंच नव्हे, जवळ बाळगणंही संघीय कायद्याने मना आहे, आणि मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं हेसुद्धा ‘बाळगणं’ ठरू शकतं. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ते आपल्याला लागू होतात की नाही हे वकिलाला विचारावं, व्हॉट्सॲप ग्रुपला नव्हे. शिवाय प्रत्येक राज्याचं वेगळं. न्यू जर्सीत रायफल घेण्याआधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं. त्याच राज्यात गॅरंडची धाकटी बहीण वाटावी अशी एम-वन कार्बाइन बंदीच्या यादीत नावानिशी आहे. दोन्ही नावांत ‘एम-वन’ आहे म्हणून गफलत करणारे कमी नाहीत.

आता वस्तू हातात घेऊ. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, आणि ऑपरेटिंग रॉडची (बोल्ट मागे-पुढे नेणाऱ्या लांब दांड्याची) मूठ पूर्ण मागे ओढून बोल्ट उघडा अडकवायचा. ‘रिकामी आहे’ असं विकणारा सांगेल. त्याच्यावर विश्वास ठेवूनही चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, मग करंगळीने चाचपायचं. बोल्ट नीट अडकला आहे याची खात्री झाल्याशिवाय बोट आत घालायचं नाही. का, ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी रिसीव्हर, म्हणजे रायफलीचं मूळ धड. एके काळी सैन्याने भंगारात काढलेले, कापून दोन तुकडे केलेले रिसीव्हर काही जणांनी वेल्डिंग करून जोडले आणि विकले. अशी रायफल कितीही स्वस्त मिळो, ती चालवायची नाही. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरलेलं असतं, आणि दोन तुकड्यांचं अंतर मूळ मापात जुळलेलं असतंच असं नाही. डोळ्यांच्या उंचीवर धरून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आडवी रेघ, घासून सपाट केलेला पट्टा, रंगातला फरक शोधायचा. मागच्या टाचेवर अनुक्रमांक असतो आणि उजव्या पायावर, म्हणजे दस्त्याच्या आत उतरणाऱ्या भागावर, कारखान्याच्या रेखाचित्राचा (ड्रॉइंगचा) क्रमांक. पुढचा अर्धा भाग एका कारखान्याचा आणि मागचा दुसऱ्याचा अशा खुणा दिसल्या तर रायफल खाली ठेवून दुकानदाराचे आभार मानायचे.

मग नळी. ही २४ इंची नळी मागून सरळ साफ करता येत नाही, कारण रिसीव्हरची टाच आडवी येते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती तोंडाकडून साफ केली गेली. कवायतीच्या मैदानावर कंटाळलेल्या शिपायाने लोखंडी सळई आत-बाहेर केली की दरवेळी नळीच्या तोंडाची कडा थोडी घासली जाते. गोळ्या झाडून आतली बाजू झिजते ती चेंबरच्या पुढे, घशाशी. म्हणजे एकाच नळीला दोन टोकांनी दोन वेगळे रोग. दोन्हींसाठी वेगवेगळे गेज, म्हणजे झीज मोजायची साधनं, आहेत, आणि त्यांवरचे आकडे विक्रेत्याला विचारायचेच. सीएमपीच्या सर्व्हिस ग्रेडमध्ये तोंडाची झीज ३ किंवा कमी आणि घशाची ५ पेक्षा कमी असते. त्यातही तोंडाच्या झिजेला मी जास्त घाबरतो. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या क्षणी तिला एका बाजूने आधार कमी पडला, तर मागची २३ इंच कितीही चांगली असून उपयोग नाही. गेज नसेल तर निकामी, बिनदारूचं डमी काडतूस गोळीच्या बाजूने तोंडात अलगद ठेवून बघतात. केसची कडा आणि नळीचं तोंड यांच्यामध्ये गोळीचा पाव इंच भाग उघडा दिसला तर बरं. केसची कडाच टेकली तर तोंड पार गेलं. हा प्रयोग खऱ्या काडतुसाने करणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून चार हात दूर राहावं.

हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टचा चेहरा आणि चेंबरचा खांदा (जिथे चेंबर निमुळतं होऊ लागतं ती जागा) यांमधलं अंतर. या रायफलीच्या .३०-०६ काडतुसासाठी ‘गो’ गेज १.९४० इंचाचं, ‘फील्ड’ गेज १.९५० इंचाचं. बोल्ट सुटा करून, एजेक्टर (केस बाहेर फेकणारी खिळी) काढून, नुसत्या बोटाच्या हलक्या दाबाने तपासायचं. ‘गो’ वर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘फील्ड’ वर होता कामा नये. झाला, तर केस ताणून मागच्या बाजूने फाटू शकते आणि आतला वायू चेहऱ्याच्या दिशेने येतो. ही तपासणी बंदूकमिस्त्रीकडे करून घ्यायला लाज वाटू देऊ नये. सीएमपीची रायफल तपासूनच येते. गॅरेज सेलमधल्या किंवा प्रदर्शनातल्या टेबलावरच्या रायफलीचं काय झालंय ते कुणालाच माहीत नसतं.

यानंतर ऑपरेटिंग रॉड, आणि इथे जरा रेंगाळायला हवं, कारण गॅरंडचा जीव या भागात आहे. नळीच्या तोंडापासून साधारण दीड इंच अलीकडे, खालच्या बाजूला, दोन मिलिमीटरचं भोक आहे. गोळी ते ओलांडते तेव्हा मागचा वायू त्यातून सिलिंडरमध्ये शिरतो, रॉडच्या पिस्टनला मागे ढकलतो आणि तो लांबलचक रॉड बोल्टला फिरवून उघडतो. रॉड मुद्दाम वाकडा बनवलेला आहे. नळीखालून निघून रिसीव्हरच्या उजव्या कुशीला यायचं तर सरळ असून भागत नाही. तो वाकडा दिसतो म्हणून ठोकून सरळ करणारे उत्साही लोक आहेत, आणि त्यांनी सरळ केलेले रॉड बाजारात फिरतात. तपासायची रीत सोपी आहे. रिकामी रायफल उघडून रॉडची स्प्रिंग काढून घ्यायची, रॉड आणि बोल्ट परत जागेवर बसवायचे, आणि रायफल कधी तोंडाकडून वर, कधी खाली अशी कलती करायची. रॉड स्वतःच्या वजनाने या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत गेला पाहिजे. कुठे अडखळला तर तिथे घासल्याची चकचकीत खूण सापडते: कधी नळीच्या पोटावर, कधी पुढच्या लाकडी आवरणाच्या आत. लाकूड घासत असेल तर कानशीने चार झटके पुरतात. पोलाद घासत असेल तर मिस्त्री गाठायचा.

पिस्टनचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा. नवा ०.५२६ इंचाचा असतो. ०.५२५ च्या खाली गेला की बाजूने वायू निसटतो आणि रायफल अर्धवट धाव घेते, म्हणजे बोल्ट पुरता मागे जात नाही. स्प्रिंग नवी असताना जवळपास २० इंच लांब असते. शेजारी नवी ठेवून बघितली आणि जुनी डोळ्यात भरण्याइतकी आखूड निघाली तर बदलायची. स्प्रिंग हा या रायफलीतला स्वस्त भाग, आणि तरी दुर्लक्षित. आणखी एक: जुन्या रॉडना मूठ जिथे नळकांड्याला मिळते तिथे काटकोनी कोपरा होता. तिथे ताण साठून भेग पडते, म्हणून नंतर तिथे गोलसर खाच कापू लागले. न कापलेल्या रॉडवर संग्राहक जीव टाकतात आणि त्याची किंमतही तशीच असते. चालवण्यासाठी मात्र कापलेलाच बरा.

गॅस सिलिंडर स्टेनलेस पोलादाचा असतो, म्हणून त्यावरचा काळा रंग उडालेला दिसतो. त्याने बिघडत काही नाही. बिघडतं ते तो नळीवर डुगडुगत असेल तर. पुढची माशी (नेम धरायचा काटा) त्यावरच बसवलेली आहे. सिलिंडर हलला की माशी हलते, आणि मग माणूस महिनाभर स्वतःच्या नेमाला दोष देत बसतो.

चापाच्या संचाची परीक्षा रिकाम्या रायफलीवर. घोडा चढवायचा, सेफ्टी लावायची (ती चापाच्या संरक्षक कड्याच्या पुढच्या बाजूला असते, मागे ओढली की लागते), चाप ओढायचा. घोडा पडता कामा नये. चाप सोडून सेफ्टी काढायची. आता तो आपोआप पडला तर धोका. मग चाप ओढायचा, घोडा पडेल. चाप तसाच दाबून ठेवून बोल्ट मागे ओढून पुढे जाऊ द्यायचा आणि चाप हळू सोडायचा. टक्‌ असा आवाज यायला हवा आणि घोडा चढलेला राहायला हवा. नाही राहिला तर पकडणाऱ्या आकड्या झिजल्या आहेत आणि एका चापात दोन गोळ्या सुटण्याची शक्यता आहे. ती गंमत नाही. दुसरी गोळी सुटते तेव्हा धक्क्याने नळी वर उचललेली असते आणि गोळी मातीच्या बांधावरून पलीकडे जाते. कायद्याच्या नजरेतही एका चापात दोन गोळ्या म्हणजे वेगळीच वस्तू, मशीनगन.

एवढं सगळं पार पडलं की लोकांना वाटतं आता दुकानातून .३०-०६ चा डबा आणला की झालं. बहुतेक गॅरंड इथेच मार खातात. ही रायफल ज्या काडतुसासाठी जुळवली ते एम-टू बॉल: १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) आसपासची गोळी, वेग सेकंदाला सुमारे २,७४० फूट. आज शिकारीसाठी मिळणारी .३०-०६ काडतुसं त्याच मापाची असतात, चेंबरमध्ये व्यवस्थित बसतात, आणि चेंबरमधला दाबही मर्यादेत असतो. गडबड होते ती पुढे, भोकापाशी. १८० किंवा २२० ग्रेनच्या जड गोळीमागे सावकाश जळणारी दारू भरतात. गोळी नळीच्या टोकाशी पोचली तरी ती दारू अजून जोर धरून असते. त्यामुळे भोकातून शिरणाऱ्या वायूचा दाब ठरलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त, आणि रॉड मागे जातो तो लाथ मारल्यासारखा. एका गोळीने कदाचित काहीच होणार नाही. पुष्कळ गोळ्यांनी रॉड वाकू शकतो, आणि बोल्ट रिसीव्हरच्या टाचेवर आदळत राहिला तर तिथे तडा जाऊ शकतो. रायफल त्या क्षणी तक्रार करत नाही, म्हणून तर फसगत होते.

सीएमपीची सूचना अशी की गोळी १७२ ते १७४ ग्रेनपेक्षा जड नको आणि दाब ५०,००० सीयूपीच्या (काडतुसातला दाब मोजायचं एकक) वर नको. सरळ मार्ग म्हणजे ज्या डब्यावर ‘एम-वन गॅरंड’ असं छापलेलं असतं तोच घ्यायचा. हॉर्नडी, फेडरल, प्रवी पार्टिझान या कंपन्या असे डबे काढतात. स्वतः काडतुसं भरणारे ४८९५ किंवा ४०६४ अशा क्रमांकांची, मध्यम वेगाने जळणारी दारू वापरतात. तिसरा मार्ग म्हणजे छिद्र असलेला किंवा समायोजित करता येणारा गॅस प्लग (गॅस सिलिंडरचं पुढचं बूच) लावून जादा वायू बाहेर सोडायचा. प्लग चांगलाच आहे. पण प्लग लावला म्हणून वाटेल ते काडतूस चालवायचं, हा विचार चांगला नाही.

जुन्या लष्करी काडतुसांचा मोह वेगळा. लाकडी खोका, त्यात कापडी बँडोलियर, त्यात भरून ठेवलेल्या क्लिपा. अमेरिकी लष्करी .३०-०६ मध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गंज आणणारे प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) वापरात होते. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. हवेतला ओलावा ओढून ते एका रात्रीत नळीला आणि गॅस सिलिंडरला गंज चढवतं. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं समजावायला नको. ब्रिटिश .३०३ काडतुसांच्या जुन्या साठ्यातही हेच. अमेरिकेतल्या रेंजवर कधी एखाद्या ली-एनफील्डवाल्याच्या (.३०३ ची ब्रिटिश रायफल) पायाशी पडलेल्या केसच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं दिसतात. ती आपल्या पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून अशा काडतुसांनंतर नळी आणि सिलिंडर गरम पाण्याने धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे, मगच नळीला तेलाचा हात. नुसतं महागडं तेल चोपडणारा माणूस मिठावर झाकण घालून गंजाला आत राहायला जागा देतो.

रेंजवर पहिल्या दिवशी डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे आणि वरून मफ. नुसते मफ पुरत नाहीत, विशेषतः छपराखालच्या रेंजवर. गॅरंडला काडतुसं एकेक भरत नाहीत. आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप अखंड आत जाते आणि शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप ‘पिंग’ करून बाहेर उडते. भरताना उजव्या तळहाताच्या कडेने रॉडची मूठ मागे रेटून धरायची आणि अंगठ्याने क्लिप खाली दाबायची, खटका लागेपर्यंत. मग अंगठा वर आणि बाजूला, आणि त्यानंतरच मूठ सोडायची. कधी कधी बोल्ट वरच्या काडतुसाच्या घर्षणाने तिथेच थांबतो; मुठीला तळहाताने पुढे एक ठोसा दिला की बसतो. अंगठा चिरडण्याची जी प्रसिद्ध दुखापत आहे, ती भरताना कमीच होते. ती होते रिकाम्या रायफलीवर, साफ करताना किंवा मित्राला दाखवताना: बोल्ट पूर्ण अडकलेला नसतो, बोट काडतुसं वर ढकलणाऱ्या फॉलोअरवर टेकतं, आणि जोरदार स्प्रिंगचा सगळा राग नखावर निघतो. आत बोट घालायचंच असेल तर दुसऱ्या हाताने मूठ मागे धरून ठेवायची. सेफ्टीवर विसंबायचं नाही. तिचा बोल्टशी काही संबंध नसतो.

पहिल्यांदा पूर्ण क्लिप भरूच नये. क्लिपमध्ये दोनच काडतुसं बसवता येतात. थोडी सवय लागते, पण स्पर्धेतले लोक रोज करतात. दोनच गोळ्या, म्हणजे दुहेरी सुटण्याचा दोष असेल तर तो तिथेच कळेल आणि तिसरी गोळी नसेल. ‘एकच गोळी झाडू’ म्हणून सुटं काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून बोल्ट धाडकन सोडणं मात्र या रायफलीतलं मोठं पातक. हिच्या फायरिंग पिनला मागे धरणारी स्प्रिंग नाही, ती मोकळी आहे. बोल्ट पुढे आदळला की ती जडत्वाने पुढे येऊन प्रायमरला हलकी टिचकी मारते. न झाडलेलं काडतूस बाहेर काढून बघा, प्रायमरवर बारीक खळी दिसेल. एवढी खळी नेहमीची. क्लिपमधून वर येणारं काडतूस बोल्टचा वेग थोडा खाऊन टाकतं. चेंबरमध्ये आधीच बसलेल्या काडतुसावर बोल्ट पूर्ण वेगाने येतो, आणि प्रायमर नाजूक असेल किंवा थोडा वर आलेला असेल तर चापाला हात न लावता गोळी सुटते, तीही कधी कधी बोल्ट पुरता बंद होण्याआधी. म्हणून घरी भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायचं: प्रायमर पृष्ठभागाच्या किंचित खाली असला पाहिजे. आणि एकेक गोळी झाडायची असेल तर त्यासाठी एकच काडतूस धरणारी वेगळी क्लिप मिळते.

चाप ओढूनही आवाज झाला नाही तर नळी समोरच धरून ३० सेकंद थांबायचं. उशिरा पेटणारी काडतुसं असतात. आवाज फुसका आला तर तिथेच थांबून, रायफल रिकामी करून, नळीतून आरपार प्रकाश दिसतो का ते बघायचं. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडणं म्हणजे नळी फोडणं.

नवख्याला सर्वात जास्त छळते ती अर्धवट धाव: केस नीट बाहेर पडत नाही, किंवा पुढचं काडतूस उचललं जात नाही. लोक लगेच स्प्रिंग, पिस्टन, काडतूस यांच्या मागे लागतात. आधी गॅस प्लग बघा. तो धक्क्यांनी सैल होतो, वायू तिथून निसटतो, आणि निम्म्या तक्रारी पाना एकदा फिरवला की मिटतात. क्लिप वेळेआधीच एखाद-दुसऱ्या काडतुसासह उडत असेल तर आधी क्लिप बदलून बघायची, मग डाव्या बाजूचा क्लिपचा खटका झिजलाय का ते. अर्धी क्लिप मधेच काढायची असेल तर मूठ मागे धरून तोच खटका दाबायचा आणि वर हात आडवा धरायचा, नाहीतर उरलेली काडतुसं शेजाऱ्याच्या मांडीवर.

वंगणाच्या बाबतीत गॅरंड तेलावर राजी नाही, तिला ग्रीस लागतं. पावसात तेल धुऊन जाऊन बोल्ट अडकायचे, म्हणून युद्धकाळात शिपायाला ग्रीसची छोटी डबी देत असत. बोल्टच्या दोन्ही कुलपांच्या खाचा, रॉडमधली बोल्ट फिरवणारी नागमोडी जागा, रॉड ज्या खोबणीतून धावतो ती कड आणि नळीचं पोट जिथे घासतं तो पट्टा: प्रत्येक ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. गॅस सिलिंडर आतून पूर्ण कोरडा. तिथे तेल टाकलं की ते जळून काजळीचा दगड होतो. नळी साफ करताना तोंडाशी पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा गाइड लावायचा. आधीच्या चार पिढ्यांनी जी चूक केली ती आपण पाचव्यांदा करायची नाही. दर वेळी चापाचा संच काढून रायफल खोलायचीही गरज नसते. त्या पकडीवर दस्ता आणि रिसीव्हर घट्ट बसतात, आणि उगाच उघडझाप केली की पकड ढिली होते.

लाकडाला कच्चं जवस तेल लावतात. हाताने चोळायचं, तासाभराने पुसायचं. तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवस तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती दोरीवर पसरून वाळवायची. आणि रेंजवरून आल्यावर काही खाण्याआधी साबणाने हात, कारण बोटांवर शिसं असतं.

मागचा पीप साइट (नेम धरायचं छोटं भोक) ही या रायफलीतली सर्वात सुखाची गोष्ट. त्याच्या चकतीची एक टिक म्हणजे एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), १०० यार्डांवर साधारण एक इंच. नेम जुळला की उंची बदलणाऱ्या ड्रमचा (चकतीचा) स्क्रू सैल करून आकडा त्या अंतरावर आणायचा आणि परत कसायचा. सीएमपीच्या गॅरंड सामन्यात ही रायफल जशीच्या तशी वापरतात: २०० यार्ड, पाच चाचणीच्या गोळ्या, मग झोपून सावकाश दहा, झोपून ८० सेकंदांत दहा, आणि उभं राहून दहा, एकूण ३०० गुण. त्या ८० सेकंदांच्या फेरीत पहिल्या क्लिपमध्ये दोन आणि दुसऱ्यात आठ. दोन गोळ्यांनंतर पहिला पिंग येतो, क्षणभर सगळी रांग क्लिपा चाचपते, आणि मग सगळीकडून आठ-आठचे आवाज सुरू होतात. ‘सीझ फायर’ झाल्यावर, बोल्ट उघडे आणि चेंबरमध्ये पिवळे झेंडे दिसल्यावर, माणसं गुडघ्यांवर बसून गवतात क्लिपा शोधतात. पायाखाली आलेली, ओठ वाकलेली क्लिप पुढच्या वेळी अडकते, म्हणून ती तिथेच वेगळी ठेवतात. उरलेल्या पुसून परत कापडी पिशवीत.